‘घरचा माणूस’ आणि त्याचा पगार



गेल्या रमजानमधील गोष्ट आहे. तरावीह आटोपली होती, मस्जिदीतील बहुतेक दिवे मालवले गेले होते आणि एक तरुण माझी वाट पाहत थांबला होता. एका खासगी कंपनीत तो हिशेबाचे काम करतो. कंपनीचे मालक आपल्याच समाजातील, पाच वेळचे नमाजी. त्याच आठवड्यात त्यांनी कार्यालयात इफ्तारची दावत दिली होती. मालक स्वतः वाढायला उभे राहिले. हिंदू सहकारीही आनंदाने सामील झाले. शेवटी मालकांनी छोटेसे भाषण केले : आपण सारे एक कुटुंब आहोत, येथे कोणी साहेब नाही, कोणी नोकर नाही. टाळ्या झाल्या. एवढे सांगून तो तरुण म्हणाला, “मौलाना, दोन महिन्यांचा पगार झालेला नाही. ईद तोंडावर आली आहे. पण ते मला ‘बेटा’ म्हणतात, त्यांच्या हातची बिर्याणी मी खाल्ली आहे. आता पगार मागितला तर ती नाशुक्री होईल का?”

मी त्याला सब्र करण्याचा सल्ला दिला. तो मान हलवून निघून गेला.

घरी परतताना मला माझेच उत्तर टोचू लागले. ते मालक आमच्या मस्जिदीला सढळ हाताने देणगी देतात. माझ्या तोंडून निघालेल्या ‘सब्र’ या शब्दात अल्लाहच्या दीनचा वाटा किती आणि त्या देणगीचा किती, असे मी स्वतःला विचारले आणि मान खाली गेली. सब्र ही मोमिनची फार मोठी दौलत आहे. दुसऱ्याच्या थकलेल्या देण्यावर टाकायचे ते पांघरूण नव्हे. हा लेख म्हणजे त्या रात्रीच्या उत्तराची दुरुस्ती आहे, आणि ती जाहीरपणे करावी असे मला वाटले. कारण हा प्रश्न त्या एकट्या तरुणाचा नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. कामाच्या ठिकाणी स्नेहाचे वातावरण निर्माण करणाऱ्या मालकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. माणूस जागेपणीचा मोठा भाग तेथे घालवतो. तेथे दरडावणी, अपमान आणि भीती असेल, तर तेच विष घेऊन तो संध्याकाळी बायकामुलांत परततो. कर्मचाऱ्याच्या आजारी आईची चौकशी करणारे, त्याच्या मुलीच्या परीक्षेची तारीख लक्षात ठेवणारे, ईदला आणि दिवाळीला मिठाई धाडणारे मालक समाजाचे भलेच करीत असतात. आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी तर आपल्या भावाला हसतमुखाने सामोरे जाणे हाही सदका ठरविला आहे. तेव्हा इफ्तारची ती दावत दिखाऊ होती, असे मी म्हणणार नाही. नियतचा हिशेब अल्लाहपाशी आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ‘तू आमच्या घरचा’ असे म्हटल्याने देणे कोणाच्या शिरावर चढते? म्हणणाऱ्याच्या, की ऐकणाऱ्याच्या?

आज सर्रास असे गृहीत धरले जाते की ते ऐकणाऱ्याच्या शिरावर चढते. घरचा माणूस म्हणून त्याने रात्री साडेदहाच्या संदेशाला उत्तर द्यावे. घरचा म्हणून सुटीच्या दिवशी यावे, घरचा म्हणून पगारवाढीचा विषय काढू नये, आणि नोकरी सोडायची झाली तर घर फोडणाऱ्यासारखे मुकाट्याने निघून जावे. कंपनीच्या व्हॉट्सॲप गटाचे नाव ‘परिवार’ असते आणि त्यात घरगुती असे काहीच नसते. असतात ती उद्याची टार्गेट.

इस्लामने या शब्दाचा व्यवहार नेमका उलटा लावला आहे. मारूर बिन सुवैद (रह.) हे ताबिई सांगतात की रबजा या मदीनेपासून दूरच्या वस्तीत त्यांची हजरत अबू जर (रजि.) यांच्याशी भेट झाली. त्यांनी पाहिले, तर अबू जर (रजि.) यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होते. एका रिवायतीत असेही येते की लोकांनी त्यांना सुचविले, गुलामाचे वस्त्र घेऊन आपल्या वस्त्राला जोडले तर आपला पूर्ण जोड होईल, त्याला दुसरे काही तरी द्यावे. त्यावर अबू जर (रजि.) यांनी आपलीच एक जुनी चूक सांगितली. त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले होते. ही गोष्ट प्रेषितांच्या (सल्ल.) कानी गेली, तेव्हा त्यांनी अबू जर (रजि.) यांना स्पष्ट सुनावले की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. आणि मग शिकवण दिली की हे सेवक तुमचे भाऊ आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली दिले आहे. म्हणून ज्याच्या हाताखाली त्याचा भाऊ असेल त्याने स्वतः खातो त्यातले त्याला खाऊ घालावे, स्वतः नेसतो त्यातले नेसवावे, न झेपणारे काम त्याच्यावर लादू नये, आणि लादावेच लागले तर स्वतः हातभार लावावा. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

तिचा क्रम लक्षपूर्वक पाहा. ‘भाऊ’ हा शब्द आधी आला आणि त्याच्या पाठोपाठ चार हुकूम आले. चारही हुकूम मालकाला आहेत. भाऊ म्हटले म्हणून सेवकाने अधिक काय द्यावे, याविषयी तेथे एक अक्षरही नाही. मदरशात ही हदीस शिकताना मला ती विनम्रतेची गोष्ट वाटली होती. आता ती मला हिशेबाची गोष्ट वाटते. अबू जर (रजि.) यांना त्या भावपणाची किंमत मोजावी लागली. ती अर्ध्या जोडाएवढी होती आणि ती त्यांच्याच अंगावरून गेली. ही शिकवण मुळात गुलामांविषयी होती, ज्यांना ठरलेले वेतन नसे. मग जो स्वतंत्र माणूस पगार ठरवून कामावर येतो, त्याचा हक्क याहून कमी कसा असेल?

हजरत अनस बिन मालिक (रजि.) बालपणी प्रेषितांच्या (सल्ल.) सेवेत आले आणि मदीनेत दहा वर्षे त्यांनी सेवा केली. पुढे ते सांगत असत की या दहा वर्षांत आपण कधी प्रेषितांच्या तोंडून ‘उफ्’ ऐकले नाही. एखादे काम केले तर का केलेस, आणि राहिले तर का केले नाहीस, असेही त्यांनी कधी विचारले नाही. या हदीसवर प्रवचने पुष्कळ होतात, परंतु एक बाब सहसा नजरेतून सुटते. ही साक्ष सेवकाची आहे. त्या घरात नोकराला घरच्यासारखे वागवले जाते, हे मालकाने जाहीर केलेले नाही. वाढलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या नोकराने ते सांगितले आहे. आपल्या कंपनीचे वातावरण घरच्यासारखे आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाने कल्पना करून पाहावी की आपल्याकडून निघून गेलेला माणूस दहा वर्षांनी आपल्या मुलांना आपल्याविषयी काय सांगत असेल.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. मालक आणि कामगार यांच्यात खरोखरच घरचे नाते जुळले, तर? पवित्र कुरआनात त्याचेही उदाहरण आहे, सूरह अल-कससमध्ये (२८:२६-२८). हजरत मूसा (अलै.) इजिप्तमधून जीव वाचवून मदयनला पोहोचले. तेथील एका सत्शील वृद्धाच्या मुलीने वडिलांना सुचविले की यांना कामावर ठेवा, हे बलवान आहेत आणि विश्वासूही. अनेक भाष्यकार त्या वृद्धांना हजरत शुऐब (अलै.) मानतात. त्यांनी मूसा (अलै.) यांच्यापुढे मुलीच्या विवाहाचा प्रस्ताव ठेवला आणि त्याच बैठकीत कामाची मुदत ठरविली : आठ वर्षे. दहा पूर्ण केलीत तर ती तुमची मर्जी. तुम्हाला त्रासात टाकण्याची माझी इच्छा नाही. मूसा (अलै.) यांनीही तेवढ्याच मोकळेपणाने सांगितले की दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पुरी केली, तरी त्यानंतर माझ्यावर जबरदस्ती असणार नाही, आणि या कराराला अल्लाह साक्षी आहे.

थोडे थांबून विचार करा. मालक सासरा आहे, कामगार जावई आहे. कामगार परदेशात, निर्वासित, पाठीशी कोणी नाही. ‘आता तू घरचाच झालास, हिशेब कसला?’ असे म्हणायला याहून सोयीची वेळ कोणती होती? तरी मुदत ठरली, शब्द दिले-घेतले गेले, साक्षी अल्लाहला ठेवले गेले. नाते जवळचे होते, म्हणून करार अधिक स्पष्ट झाला. वरची दोन वर्षे मागितली गेली नाहीत, ती मूसा (अलै.) यांच्या मर्जीवर सोडली गेली. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार मूसा (अलै.) यांनी मोठी मुदत पुरी केली. अडवून घेतली असती तर ती दोन वर्षे वेठबिगार ठरली असती. जी गोष्ट आज ‘ओव्हरटाइम’ या नावाने, आणि पुष्कळदा बिनपगारी, घेतली जाते, तिचा कुरआनी नमुना हा आहे.

आमच्या मदरशांत ‘हिदाया’ शिकविला जातो. त्यातील इजारा म्हणजे मजुरी व भाडेकराराच्या प्रकरणाचा पायाच हा आहे की काम कोणते ते ज्ञात असले पाहिजे आणि मोबदला किती तोही ज्ञात असला पाहिजे. जो ठरावीक काळासाठी एकाच्या सेवेत राहतो त्याला फकीह ‘अजीर-ए-खास’ म्हणतात. त्याने त्या काळापुरता आपला वेळ मालकाला दिलेला असतो. यातूनच दोन गोष्टी निघतात. त्या वेळात मोबाइलवर क्रिकेट पाहत बसणारा कर्मचारी अमानतीत खियानत करतो, मग मालक कितीही प्रेमळ असो. आणि ती वेळ संपल्यावर उरलेला दिवस कर्मचाऱ्याचा आहे, त्याच्या मुलांचा आहे, त्याच्या इबादतीचा आहे, मग मालक कितीही प्रेमळ असो.

दर शुक्रवारी खुत्ब्याच्या अखेरीस जी आयत बहुधा आपल्या कानी पडते ती सूरह अन-नहलमधील आहे (१६:९०). अल्लाह तीन गोष्टींची आज्ञा देतो : अदल, एहसान आणि आप्तांना देणे. न्याय पहिला आहे. पगार हा अदल आहे, बिर्याणी हा एहसान आहे. पगार थकवून दिलेली बिर्याणी ही कामगाराच्याच पैशाने त्याला दिलेली मेजवानी आहे. तिच्याबद्दल त्याने ऋणी राहावे, ही अपेक्षा मला समजत नाही.

हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांची हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. लहानपणी पळवून विकले गेलेले हे बालक हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडे आणि तेथून प्रेषितांकडे (सल्ल.) आले. वडील आणि चुलते शोध घेत मक्केला पोहोचले, तेव्हा प्रेषितांनी मोबदल्याचे बोलणे बाजूला सारले आणि निवड जैद (रजि.) यांच्यावर सोपविली. जैद (रजि.) यांनी प्रेषितांजवळच राहणे पसंत केले. आपण या निवडीचे कौतुक करतो. पण आधी दार उघडले गेले होते, हे विसरतो. राजीनाम्याचे पत्र हाती पडताच ‘तुला काय कमी केले होते?’ असे विचारणाऱ्या, अनुभवाचा दाखला अडवून ठेवणाऱ्या मालकाने हे दार आठवावे. पुढे काय झाले? जैद (रजि.) यांना लोक ‘मुहम्मदपुत्र’ म्हणू लागले होते. तेव्हा सूरह अल-अहजाबमध्ये (३३:५) आदेश आला की त्यांना त्यांच्या पित्यांच्या नावाने हाक मारा, आणि पिते ठाऊक नसतील तर ते तुमचे दीनी भाऊ व स्नेही आहेत. जैद पुन्हा ‘हारिसाचे पुत्र’ झाले. प्रेषितांचे प्रेम तसूभरही घटले नाही, मात्र शब्द खरा करण्यात आला. ज्याला आपण ‘बेटा’ म्हणतो त्याला त्याचे स्वतःचे आईवडील आहेत, स्वतःचे घर आहे. आपले घर त्याला देताना त्याचे घर त्याच्याकडून हिरावले जाता कामा नये.

कोणी म्हणेल, धंद्यात अडचणी येतात, बाहेरची येणी अडकतात, मालकाने कोठून द्यावे? प्रश्न रास्त आहे. ऐपत असूनही देणे लांबविणे याला प्रेषितांनी (सल्ल.) जुलूम म्हटले आहे, आणि खरोखर तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवड द्यावी असे कुरआन सांगते (२:२८०). पण तंगी खरी असेल तर ती घरच्यांना सांगतात ना? घरात अडचण आली की आई आधी स्वतःच्या ताटातले कमी करते. खंदक खोदताना सहाबा उपाशी होते आणि प्रेषितांच्या (सल्ल.) पोटावर दगड बांधलेला होता. हजरत जाबिर (रजि.) यांनी थोडे सातू आणि बकरीचे एक पिलू यांचे जेवण करून प्रेषितांना मोजक्या माणसांसह हळूच बोलावले, तर त्यांनी खंदकावरच्या साऱ्यांनाच हाक दिली. ज्या कंपनीत पगार थांबले आहेत आणि मालकाच्या दारात नवी मोटार उभी आहे, तेथे कुटुंबाचा दाखला देण्यापूर्वी हा प्रसंग वाचावा.

देशाचा कायदाही आपल्याला लाज वाटायला लावील असा आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी महिना संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत पगार देण्याचे बंधन घातले. मजुराला घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्या, ही हदीस आपल्या तोंडपाठ आहे. सात दिवस तर कायद्याने दिलेली सवलत झाली. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याने १९१२ साली आठ तासांचा कामाचा दिवस सुरू केला आणि १९२० साली भविष्य निर्वाह निधी. स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा आला तो १९४८ साली. त्या मालकांनी हे आपल्या हदीस वाचून केले नव्हते. आपण हदीस वाचतो.

मोठ्या कंपन्यांबद्दल बोलणे सोपे आहे. आपल्या बेकऱ्यांत, गॅरेजमध्ये, शिलाईच्या कारखान्यांत, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर काय चालते? गावाकडून आणलेला पोर ‘घरच्यासारखा’ असतो, म्हणजे तो तेथेच झोपतो आणि कोणत्याही वेळी उठविला जातो. आणि आपल्या स्वयंपाकघरात? भांडी घासायला येणाऱ्या बाईला आपण ‘मावशी’ म्हणतो, ‘खाला’ म्हणतो. तिचा कप मात्र वेगळा असतो. प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे की सेवकाने जेवण करून आणले तर त्याला आपल्यासोबत बसवा, ते जमत नसेल तर निदान घास-दोन घास त्याला द्या, कारण त्या जेवणाची आच आणि धूर त्याने सोसला आहे. भगिनींनो, रमजानमध्ये तुमच्याकडे समोसे तळणाऱ्या त्या बाईच्या घरी इफ्तारला काय असते, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

आमच्या मस्जिदींविषयी गप्प बसलो तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. मुअज्जिनसाहेब ‘मोहल्ल्याचे घरचे माणूस’ असतात आणि त्यांच्या खोलीचे छप्पर तीन पावसाळे गळते. एवढेच लिहितो.

त्या तरुणाला मी शव्वालमध्ये बोलावून घेतले आणि माफी मागितली. पगार मागणे नाशुक्री नाही, हे त्याला सांगितले. कियामतच्या दिवशी ज्या तिघांविरुद्ध अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, त्यांत मजुराकडून पुरते काम घेऊन मजुरी न देणारा आहे, ही हदीसही सांगितली. मात्र चारचौघांत मागू नकोस, एकांतात माग, नम्रपणे माग आणि तारीख घे, असे सुचविले. मग मी स्वतः मालकांकडे गेलो. त्यांनी अगत्याने बसवले, चहा मागविला. म्हणाले, “मौलाना, ही पोरे माझीच आहेत, कुठे जाणार?” मी त्यांना गुहेत अडकलेल्या तिघांची हदीस ऐकवली. त्यांतल्या एकाकडे मजूर आपली मजुरी न घेता निघून गेला होता. त्याने ते धान्य पेरले, वाढविले, आणि वर्षांनी मजूर परत आला तेव्हा गुरांचा सारा कळप त्याच्या हवाली केला. त्या अमलाचे वास्ते देऊन त्याने दुआ केली आणि दगड सरकला. मालक बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “येणी अडकली आहेत. शिवाय मस्जिदीच्या पंख्यांसाठी रक्कम कबूल केली आहे.” मी म्हणालो, देणे आधी, नफली सदका नंतर. पंखे थांबवा.

विश्वस्त मंडळाला हे आवडले नाही, आणि त्यांनी ते मला बोलून दाखविले. चार दिवसांनी कंपनीतील सर्वांचा एक महिन्याचा पगार जमा झाला. दुसरा महिना हे लिहीपर्यंत बाकी आहे. पंखेही.